प्रोसेसर, रिसीव्हर की छोटा डीएसपी? पुण्यातल्या दहा बाय सोळाच्या हॉलसाठी

"होम थिएटरला वेगळा प्रोसेसर घ्यावा का?" असं विचारणारा माणूस बहुधा मनाने तो घेऊन मोकळा झालेला असतो. त्याला फक्त कुणीतरी "घेऊन टाक" म्हणायला हवं असतं. मी लगेच म्हणत नाही. आधी विचारतो: हॉल केवढा, भिंती कसल्या, फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा, आणि वरच्या मजल्यावर कोण राहतं. या चार उत्तरांनंतर निम्म्या लोकांचा प्रोसेसर तिथल्या तिथे गळतो.

रिसीव्हरमध्ये दोन माणसांचं काम एकाच डब्यात चालतं. एक जण एचडीएमआयवरून आलेला आवाज उलगडतो, कुठला आवाज कुठल्या स्पीकरला ते ठरवतो, खोलीनुसार सुधारतो. दुसरा त्याला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. प्रोसेसरमध्ये फक्त पहिला असतो. म्हणजे प्रोसेसर घेतलात की पॉवर ॲम्प वेगळा घ्यायचा, तोही जितके स्पीकर तितक्या चॅनलचा. हे दुकानात पोचेपर्यंत बऱ्याच जणांना माहीतच नसतं, आणि मग बजेट एकदम दुप्पट होतं.

तुलनेला तीन वस्तू घेतल्या आहेत. पहिली, डेनॉन एव्हीआर-एक्स३८००एच हा रिसीव्हर. दुसरी, मरांट्झ एव्ही १० हा खराखुरा प्रोसेसर. तिसरी, मिनीडीएसपी फ्लेक्स एचटी हा छोटा डीएसपी, म्हणजे आवाजावर डिजिटल संस्कार करणारा डबा, जो पुस्तकाच्या कपाटातही मावतो. तिघांची जात वेगळी आहे हे मान्य. पण घ्यायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात या तीनच वाटा घोळत असतात. तक्त्याआधी थोडे शब्द: ११.४ म्हणजे अकरा स्पीकर आणि चार सबवूफर (खोल बासचे स्पीकर). ॲटमॉस आणि डीटीएस:एक्स हे डोक्यावरूनही आवाज आणणारे प्रकार, पीसीएम म्हणजे आधीच उलगडलेला डिजिटल आवाज. ऑडिसी आणि डिराक ही खोली मोजून आवाज सुधारणारी सॉफ्टवेअरं, ईक्यू म्हणजे वारंवारितेनुसार आवाज कमी-जास्त करणं, आणि आरसीए, एक्सएलआर हे केबलच्या जोडण्यांचे प्रकार.

| | डेनॉन एक्स३८००एच | मरांट्झ एव्ही १० | मिनीडीएसपी फ्लेक्स एचटी |
|---|---|---|---|
| प्रोसेसिंग | ११.४ | १५.४ | एकूण ८ आउटपुट |
| आतला ॲम्प | ९ चॅनल, १०५ वॅट | नाही | नाही |
| डॉल्बी ॲटमॉस, डीटीएस:एक्स | आहे | आहे | नाही, फक्त पीसीएम |
| सबवूफरचे स्वतंत्र आउटपुट | ४ | ४ | आठातले हवे तितके |
| रूम करेक्शन | ऑडिसी सोबत, डिराक विकत | ऑडिसी सोबत, डिराक विकत | डिराकचा परवाना, शिवाय हाताने ईक्यू |
| आउटपुटची जोडणी | आरसीए | एक्सएलआर आणि आरसीए | आरसीए |

रूम करेक्शनची ओळ पुन्हा वाचा. डेनॉन आणि मरांट्झ एकाच घरातली भावंडं आहेत. मालक बदलले, पण जोडी फुटली नाही. ऑडिसी मल्टईक्यू एक्सटी३२ दोघांतही तेच. डिराक लाइव्ह, म्हणजे स्वीडनच्या उप्साला इथल्या कंपनीचं सॉफ्टवेअर, दोघांवरही पैसे भरूनच चढतं. त्यामुळे "प्रोसेसर घेतला की खोलीचा आवाज जास्त नीट बसेल" ही समजूत या जोडीपुरती तरी काढून टाका. मरांट्झमध्ये चॅनल जास्त, जोडण्या जास्त, ॲनालॉग भाग उंची. खोली सुधारण्याची अक्कल मात्र तीच.

आधी खोली

पुण्यात गेल्या काही वर्षांत झालेल्या सोसायट्यांत हॉल साधारण दहा बाय सोळा फुटांचा, उंची साडेनऊच्या आसपास. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला बाल्कनीची सरकती काच. खूपशा नव्या इमारतींत मायव्हन, म्हणजे भिंतीसुद्धा विटांच्या नाहीत, सरळ काँक्रीटच्या. परदेशी रिव्ह्यू वाचताना हे विसरू नका: तिकडच्या लाकडी सांगाड्यावरच्या जिप्समच्या भिंती थोड्या हलतात आणि खोल बास थोडा गिळतात. आपली काँक्रीटची भिंत काही गिळत नाही. सगळं परत पाठवते.

हिशेब सोपा आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला भिंतीतल्या अंतराच्या दुपटीने भागायचं. सोळा फुटांच्या लांबीला येतात ३५ हर्ट्झ, दहा फुटांच्या रुंदीला ५६, आणि साडेनऊच्या उंचीला ५९. शेवटचे दोन आकडे जवळजवळ एकमेकांच्या मांडीवर बसलेत. म्हणून अशा हॉलमध्ये त्या पट्ट्यातला बास घुमतो, तबल्याच्या डग्ग्याला शेपूट फुटतं आणि पडद्यावर साधं दार आपटलं तरी वाटतं, लिफ्ट आली.

त्यात सोफा बहुतेकदा मागच्या भिंतीला चिकटलेला, आणि भिंतीपाशी घुमणाऱ्या बासचे हे सगळे फुगवटे सर्वांत मोठे असतात. सोफा दीड-दोन फूट पुढे ओढा म्हटलं, तर घरात ते कुणाला पटत नाही. डायनिंग टेबलाकडे जायची वाट अडते. मग उरतं काय? ईक्यू फुगवटा कापू शकतं, पण खड्डा भरू शकत नाही. जिथे दोन लाटा एकमेकींना मारतात तिथे आवाज वाढवाल तर दोन्ही लाटा वाढतात. ॲम्प तापतो, बास येत नाही.

खड्ड्यावर उपाय दुसऱ्या सबवूफरचा. हरमन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये आयताकृती खोल्यांवरचा अभ्यास मांडला. त्याचं सार असं, की समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक सब ठेवला तर बसण्याच्या जागांमधला फरक बराच कमी होतो, आणि चाराच्या पुढे जाण्यात फारसा अर्थ नाही. आपल्या हॉलमध्ये दुसरा सब सोफ्याच्या मागे किंवा बाजूच्या कोपऱ्यात कसाबसा बसतो, पण बसतो. माझं ठाम मत: ज्याच्याकडे एकच सब आहे त्याने प्रोसेसरचा विचार करू नये. आधी दुसरा सब आणा, बाल्कनीच्या काचेला जाड पडदा लावा, टाइल्सवर सतरंजीपेक्षा जाड काहीतरी टाका. मग पुढचं बोलू.

मापणीची रात्र

ऑडिसीची मापणी आठ जागांपर्यंत करता येते, आणि ती घाईने केली तर कुठलाही डबा फुकट. माइक सोफ्याच्या उशीवर टेकवू नका. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड मिळवा आणि कानाच्या उंचीला लावा. पहिली जागा नेमकी मधोमध, बाकीच्या तिच्याभोवती हात-दोन हातांच्या आत. पंखा बंद, फ्रिज शक्य असेल तर तेवढ्यापुरता बंद. दिवसा हे जमतच नाही. स्वीपचा, म्हणजे मापणीसाठी स्पीकरमधून सोडलेल्या सुराचा, 'हुप्प' आवाज चालू असताना शेजारी कुकरची शिट्टी झाली की रिसीव्हर एकतर चूक दाखवतो, किंवा काहीच न दाखवता ती शिट्टी तुमच्या खोलीचा भाग समजून बसतो. दुसरं जास्त वाईट. रात्री साडेनऊची वेळ बरी: कुकर झालेले असतात आणि वरचे काका अजून झोपलेले नसतात.

डिराकला लॅपटॉप लागतो, वेळही जास्त लागतो. पण हवी ती रेषा स्वतः ओढता येते आणि कुठल्या वारंवारितेपर्यंत सुधारायचं ते ठरवता येतं. संवाद ऐकताना मी सुधारणा ३००-४०० हर्ट्झच्या खालीच ठेवतो; वरचा पट्टा चांगला स्पीकर स्वतः सांभाळतो. डेनॉनवर पूर्ण पट्ट्याचा डिराक परवाना अमेरिकेत ३४९ डॉलरला जाहीर झाला होता आणि बास कंट्रोलचे, म्हणजे सब एकत्र सांभाळणाऱ्या भागाचे, पैसे वेगळे. ही रक्कम रिसीव्हरच्या किमतीत धरूनच तुलना करा. आणखी एक: डिराकचं एआरटी एका स्पीकरचा घुमणारा बास बाकीच्या स्पीकरांकडून शांत करवून घेतं. ते २०२५ पासून डेनॉन-मरांट्झच्या वरच्या मॉडेलांकडे येऊ लागलं. काँक्रीटच्या खोलीसाठी मला सगळ्या यादीत हेच एक वैशिष्ट्य खरोखर नवीन वाटतं.

वॅटचा हिशेब

"रिसीव्हरचा ॲम्प कमी पडतो" हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं की एकदा वही काढलेली बरी. सिनेमाची संदर्भ पातळी, म्हणजे थिएटरसाठी ठरलेला आवाज, धरली तर मुख्य स्पीकरचा शिखर आवाज १०५ डीबी. स्पीकरची संवेदनशीलता (एक वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज) ८८ डीबी, तुम्ही दहा फुटांवर. मोकळ्या जागेचा नियम लावला तर लागतात साडेचारशेहून जास्त वॅट. इथे प्रोसेसरवाले टाळ्या वाजवतात.

पण फ्लॅटमध्ये त्या पातळीला ऐकतं कोण? डेनॉनच्या पडद्यावर आवाज -१५ वर, म्हणजे संदर्भ पातळीच्या १५ डीबी खाली, असेल तर तोच हिशेब पंधरा वॅटवर येतो. -२० वर पाच वॅटसुद्धा पुरतात. आणि ८० हर्ट्झच्या खालचं ओझं सबवूफरने उचललेलं असतं, त्याचा ॲम्प त्याच्या पोटात. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डीबी आहे, आणि त्याआधीच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचं नाव आलेलं असतं. बास स्लॅबमधून वर जातो. त्याला दार बंद केल्याने काही फरक पडत नाही.

डेनॉनचे १०५ वॅट हे दोनच चॅनल चालू असतानाचे आहेत, नऊही एकदम चालवले तर इतके मिळणार नाहीत, हे खरं. स्पीकर चार ओहमचे, खोली मोठी किंवा संवेदनशीलता ८४-८५ असेल तर बाहेरचा ॲम्प हवाच. पण त्यासाठीही प्रोसेसर लागत नाही. एक्स३८००एचला सगळ्या चॅनलचे प्री-आउट, म्हणजे बाहेरच्या ॲम्पसाठीचे आउटपुट, आहेत. पुढच्या तीन स्पीकरांना तीन चॅनलचा पॉवर ॲम्प लावा, आतला तेवढा ॲम्प सेटिंगमधून बंद करा, आणि हाच रिसीव्हर त्या तिघांपुरता प्रोसेसर होतो. ५.१.४ ला (पाच स्पीकर, एक सब, छताला चार) आतले नऊ चॅनल बरोबर पुरतात, ७.१.४ हवं असेल तर दोन चॅनलचा ॲम्प बाहेरून जोडायचा. बहुतेक घरांत गोष्ट इथेच संपायला हवी.

मग मरांट्झ एव्ही १० कुणासाठी

त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. अमेरिकेत त्याची किंमत ७,००० डॉलर जाहीर झाली, एक्स३८००एचची १,६९९. जोडीचा एएमपी १० हा सोळा चॅनलचा, आठ ओहमला दर चॅनल २०० वॅटचा ॲम्प घेतला तर आणखी ७,०००. म्हणजे रिसीव्हरच्या आठ पटींहून जास्त. या पैशांत काय मिळतं?

पंधरा चॅनल मिळतात. पण पंधरा स्पीकर लावायला जागा हवी, म्हणजे वेगळी खोली हवी: बंगला, रो-हाऊस, नाहीतर चौथी बेडरूम. हॉलमध्ये दहा फुटांच्या रुंदीत वाइड स्पीकर (पुढच्या आणि बाजूच्या स्पीकरांच्या मधले) लावले तर ते मुख्य स्पीकरच्या कानाशी बोलतात. शिवाय घरी येणारा ॲटमॉस थिएटरसारखा नसतो. थिएटरमध्ये आवाजाचे १२८ पर्यंत घटक आणि ६४ पर्यंत आउटपुट. घरच्या आवृत्तीत ते एकत्र बांधून १२ ते १६ गटांवर आणलेले असतात. ओटीटीवर तर ते डॉल्बी डिजिटल प्लसमधून, दाबून येतात. काहीही न गमावणारं ट्रूएचडी ब्लू-रेवरच. आणि बरेच मराठी चित्रपट ओटीटीवर ५.१ किंवा साध्या स्टीरिओत मिळतात. त्यांच्यासाठी सेंटर स्पीकरवर खर्च करा. कुजबुज न वाढवता कळली पाहिजे, हीच परीक्षा.

एक्सएलआर जोडण्या मिळतात. प्रोसेसर पुढे आणि ॲम्प खोलीच्या मागे असेल, मध्ये दहा मीटर वायर असेल, तर त्यांचा गुण दिसतो. बाहेरून शिरणारी घरघर त्या मारतात. टीव्ही युनिटमध्ये हातभर अंतरावर दोन्ही डबे असतील तर आरसीएने काही बिघडत नाही. उलट अकरा-बारा केबल्सचा खर्च तेवढा वाढतो.

आणि शांतता मिळते, म्हणजे कमी नॉइज. इथे मला जरा हसू येतं. पंखा दोनवर आणि खिडकीखाली कर्वे रस्ता असेल तर मोबाइलवरचं ॲप साधारण ४०-४५ डीबी दाखवतं. त्या खोलीत प्रोसेसरची निःशब्दता विकत घेणं म्हणजे लक्ष्मी रोडला कुजबुजत गप्पा मारायला जाण्यासारखं आहे. बंद, एसी असलेल्या, पडदे-पॅनलच्या खोलीत मात्र ती शांतता ऐकू येते आणि पैसे वसूल होतात.

संगीताचं काय? सवाई गंधर्व न चुकवणाऱ्यांचा हा प्रश्न हमखास असतो, आणि रास्तही आहे. तानपुऱ्याची जवारी हे माझं मापक: जोडाच्या तारांचा नाद एकमेकांत मिसळूनही वेगळा ऐकू यायला हवा, आणि खर्ज घुमून गायकाच्या मंद्रावर बसता कामा नये. मरांट्झ इथे छान वाजतो. पण तुलना करताना दोन्हीचा आवाज सारखा करून घ्या. एखादा डीबी मोठा वाजणारा डबा नेहमीच "जास्त खुला" वाटतो. शिवाय दुकानदाराने प्युअर डायरेक्ट चालू केलं असेल तर खोलीची सुधारणा आणि सबचं वाटप दोन्ही बंद असतं. म्हणजे तुम्ही ऐकताय ती डेमो-खोली, जिच्या भिंतींना फोम आणि जमिनीला गालिचा आहे.

फ्लेक्स एचटी

भाड्याच्या फ्लॅटात राहणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. वाकड-हिंजवडीकडे घरमालक छताला ड्रिल लावू देत नाहीत, त्यामुळे ॲटमॉसचा प्रश्नच मिटतो. राहतं ५.१ किंवा ५.२. आणि तिथे हा लहानसा डबा बास हाताळण्यात मोठ्यांच्या पंक्तीला बसतो: प्रत्येक सबला वेगळा विलंब, वेगळं ईक्यू, हवा तो क्रॉसओव्हर (सब आणि स्पीकर यांच्यातली वाटणीची रेषा). मोजायला यूएसबी माइक आणि फुकट मिळणारं आरईडब्ल्यू सॉफ्टवेअर.

तोटा ठसठशीत आहे. हा डॉल्बी किंवा डीटीएस स्वतः उलगडत नाही. त्याला ईआर्कवरून (टीव्हीचा आवाज बाहेर देणारी एचडीएमआयची सोय) आधीच उलगडलेला मल्टिचॅनल पीसीएम लागतो. ॲपल टीव्ही ४के ते काम करतो, पण तुमच्या टीव्हीने तो सिग्नल ईआर्कवरून पुढे सोडला पाहिजे. कितीतरी टीव्ही 'पीसीएम' निवडलं की मुकाट्याने दोनच चॅनल देतात. डबा घेण्याआधी आपल्याच टीव्हीवर हे तपासून घ्या. एचडीएमआयचे इनपुट बदलणं वगैरे सगळं टीव्हीकडे राहतं, म्हणून घरातल्या ज्येष्ठांना एकच रिमोट पुरतो, हा फायदा कुठल्याही पत्रकात लिहिलेला नसतो.

लवकर म्हातारं कोण होतं

वेगळ्या डब्यांची जुनी बाजू अशी: ॲम्प वीस वर्षं टिकतो, प्रोसेसर बदलता येतो. पहिला भाग पटतो. दुसऱ्यातच गोम आहे. घरचा ॲटमॉस २०१४ मध्ये आला आणि त्याआधीचे महागडे प्रोसेसर एका झटक्यात मागे पडले. २०२० च्या पहिल्या एचडीएमआय २.१ रिसीव्हरांत चिपचा दोष निघाला आणि ४के १२० हर्ट्झला काही गेमिंग कन्सोलचं चित्र अडलं. म्हणजे सर्वांत महाग भाग हाच सर्वांत लवकर जुना होणारा. त्यापेक्षा ॲम्प चांगला घ्या आणि त्याच्यापुढे मध्यम किमतीचा, प्री-आउटवाला रिसीव्हर ठेवा. सात-आठ वर्षांनी तो बदलताना जीव तुटत नाही.

वीज, वायर आणि बाकीच्या कटकटी

पावसाळ्यात लाईट जाते आणि येताना झटका देऊन येते, त्यामुळे सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग हवंच, डबा कुठलाही असो. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा पॉवर ॲम्प सहा अँपिअरच्या सॉकेटवर नको. सोळाचा पॉइंट काढून घ्या. रिसीव्हर बंद कपाटात कोंडू नका, वर हातभर मोकळी जागा ठेवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तो स्वतःला बंद करून घेतो आणि आपण कंपनीला शिव्या देतो. अमेरिकेतल्या भाच्याकडून मागवायचा मोह होईल. तिकडची डेनॉन-मरांट्झची यंत्रं १२० व्होल्टची असतात. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल आणि इथली वॉरंटी मिळणार नाही.

स्पीकरची वायर तपकीर गल्लीत घ्या, पण तिथेच टोक सोलून ब्लेडने खरवडून बघा. आतून चंदेरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. दहा मीटरला चौदा गेजची शुद्ध तांब्याची वायर पुरते.

तर

हॉलमध्ये टीव्ही आणि घरात माणसं असतील तर एक्स३८००एच आणि दोन सब. भाड्याच्या घरात पाच स्पीकरांवर समाधान असेल, टीव्ही पीसीएम सोडत असेल आणि हातात लॅपटॉप घेऊन बसायची आवड असेल तर फ्लेक्स एचटी. ती आवड नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. एव्ही १० तेव्हाच, जेव्हा वेगळी खोली आहे, अकरापेक्षा जास्त स्पीकर नक्की लागणार आहेत, आणि खोलीच्या आतल्या कामाचे पैसे आधी बाजूला काढून झालेत.

आणि फ्लॅटचा ताबा अजून मिळायचा असेल, भिंती मायव्हनच्या असतील, तर डबा कुठला हे नंतर ठरवा. आज फॉल्स सीलिंगवाल्याला गाठा आणि त्याने जिप्समचे बोर्ड चढवण्याआधी छताला चार व मागच्या भिंतीला तीन जागी वायर ओढून घ्या, एक जास्तीची सबसाठी. काँक्रीटच्या भिंतीत नंतर खाचा मारू देत नाहीत.